भोकांचे पैसे की भरलेल्या भोकांचे? गोल्फ ग्रीनच्या एरेशन सेवेचा तीन खेपांचा अनुभव

आमच्या क्लबच्या ग्रीन्स समितीवर मी गेली चार वर्षे मानद सदस्य म्हणून काम करतो. या काळात सभासदांकडून सर्वांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न एकच आहे: चांगले हिरवेगार ग्रीन असताना त्याची चाळण कशासाठी केली? ग्रीन म्हणजे ज्या होलमध्ये चेंडू घालायचा त्याभोवतीचा, अगदी बारीक कापलेल्या गवताचा भाग; आणि चाळण म्हणजे एरेशन, हवा-पाणी खाली जावे म्हणून त्यात छिद्रे पाडून ती वाळूने भरणे. ही चाळण आम्ही स्वतः करत नाही. त्यासाठी यंत्र, चालक आणि दोन मदतनीस घेऊन येणारी एक कंत्राटी सेवा आम्ही दोन वर्षांत तीन वेळा घेतली: पहिल्यांदा ऑक्टोबरमध्ये, नंतर सलग दोन वर्षे मे महिन्यात. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. कंत्राटदाराचे नाव मी देत नाही, कारण पहिल्या खेपेला जे बिनसले त्यात त्याच्याइतकीच आमचीही चूक होती. शिवाय मुंबई-पुण्यातील मोठे क्लब सोडले तर इतरांना थोड्याफार फरकाने हीच सेवा कोणाकडून तरी भाड्याने घ्यावी लागते, त्यामुळे नावापेक्षा काय तपासून घ्यावे हे सांगणे अधिक उपयोगाचे आहे.

आमचा कोर्स पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागात असून नऊ होलचा आहे. येथे पूर्वी ग्रीन नव्हते, ब्राउन होते. म्हणजे तेल घालून दाबलेल्या रेतीचे गोल, ज्यांवर प्रत्येक गटानंतर कॅडी (खेळाडूची पिशवी वाहणारा मदतनीस) फळी ओढत असे. त्यांच्या जागी जी ग्रीन्स झाली ती आजच्या शास्त्राप्रमाणे बांधलेली नाहीत. अमेरिकन गोल्फ संघटनेने १९६० साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत तळाला निचऱ्याचे पाइप, त्यावर सुमारे १०० मिलिमीटर खडी आणि त्यावर सुमारे ३०० मिलिमीटर वाळूप्रधान मिश्रण असते. आमच्याकडे मुरमावर लाल माती, पोयटा, शेणखत आणि मिळेल ती रेती यांचा उंचवटा करून त्यावर गवत लावले गेले. त्यानंतरच्या प्रत्येक समितीने आपापल्या काळात जी वाळू स्वस्त मिळाली ती वरून पसरली. त्यामुळे आमच्या कोणत्याही ग्रीनचा उभा छेद घेतला तर त्यात बारीक वाळू, माती, जाड वाळू, कुजलेले गवत आणि पुन्हा बारीक वाळू असे थर दिसतात. बारीक थराखाली जाड थर आला की वरचा थर पुरता भिजून जड झाल्याखेरीज पाणी खाली सरकत नाही, आणि आमच्याकडच्या जुलै महिन्यात असे भिजलेले थर वाळण्याची सोय नसते.

ग्रीनवरचे गवत टिफड्वार्फ जातीचे आहे. शेतकरी ज्या हराळीला वैतागून बांधाबाहेर फेकतो आणि गणपतीला जिच्या दूर्वा वाहतो, तिचाच आफ्रिकेतील एका बारीक पानांच्या भावंडाशी संकर होऊन आलेल्या वाणातून ही जात पुढे आली. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ती निवडली गेली आणि १९६५ साली लागवडीसाठी बाहेर आली. चार-पाच मिलिमीटर उंचीवर रोज कापले तरी ती तग धरते, हा तिचा गुण. मात्र हराळीचा मूळ स्वभाव तिने सोडलेला नाही. ती आडवी धावते, धाग्यांवर धागे रचते, आणि हे जुने धागे कुजण्यापेक्षा लवकर साठत जातात. हिरव्या पात्याच्या खाली आणि मातीच्या वर जो हा तपकिरी, स्पंजासारखा गालिचा तयार होतो त्याला थॅच म्हणतात. थोडा थॅच हवा, कारण चेंडू पडल्यावर तो धक्का झेलतो. अर्ध्या इंचापेक्षा तो जाड झाला की मात्र पाणी त्यातच अडकते, मुळे खाली जायचे सोडून त्यातच राहू लागतात आणि पाऊल टाकताना ग्रीन गादीसारखे दबते.

आमच्या चौथ्या ग्रीनवर तर याच्याही पुढची पायरी आली होती. होलची जागा बदलताना कटरने १०८ मिलिमीटर व्यासाचा जो गड्डा निघतो, त्यात सुमारे दोन इंचांवर बोटभर काळा पट्टा दिसू लागला, आणि तो नाकाशी धरल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येत असे. जमिनीत हवा उरली नाही की प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू गंधकाच्या संयुगांवर काम करू लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. वास त्याचा आणि काळा रंग लोहाशी झालेल्या त्याच्या संयोगाचा. आमचे मुख्य माळी या गोष्टीला 'ग्रीनला आतून बुरसा चढला' असे म्हणतात. त्या पट्ट्याच्या खाली एकही पांढरे मूळ नव्हते. वरून खत घालून, बुरशीनाशक फवारून किंवा पाणी कमी-जास्त करून हा रोग जात नाही. तेथे हवा पोहोचवावी लागते आणि साठलेला सेंद्रिय गाळ बाहेर काढावा लागतो. एरेशन करावे की नाही हा वाद आमच्या समितीत त्या गड्ड्याने मिटवला.

कंत्राटदाराकडे टोरो कंपनीचे प्रोकोअर ६४८ हे यंत्र होते. चालक त्याच्यामागे चालतो. २३ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, ४८ इंचांची म्हणजे सुमारे १.२२ मीटरची कार्यरुंदी आणि चार इंचांपर्यंतची खोली, ही त्याची मुख्य मापे. शिवणयंत्राच्या सुईप्रमाणे पोकळ दात वरखाली होतात. त्यांना टाइन म्हणतात. प्रत्येक टाइन मातीची एक कांडी कापून वर आणते आणि ग्रीनवर टाकते. यंत्र पुढे सरकत असताना दात जमिनीत असेल तर भोकाचे तोंड लांबट फाटायला हवे. ते होऊ नये म्हणून दात जमिनीत असेपर्यंत त्याला सरळ उभा धरणारी सांध्यांची रचना यात आहे, आणि तिचा परिणाम भोकाच्या गोल, स्वच्छ कडांवरून कळतो. चढउतारावरही खोली सारखी राखणारी सोय आहे. मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र साधी आहे: चाके दातांच्या रुंदीच्या आत बसवलेली असल्यामुळे शेजारचा पट्टा घेताना ती नुकत्याच पाडलेल्या छिद्रांवरून जात नाहीत. ज्यांनी ट्रॅक्टरला जोडलेल्या जुन्या ड्रम एरेटरने उकरलेल्या ग्रीनवर टायरचे वळ पाहिले आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

यंत्राचे वजन सातशे किलोंच्या आसपास आहे, ही गोष्ट पावसाळ्याच्या शेवटी सेवा घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. ओल्या, मऊ ग्रीनवर चाके आत असोत की बाहेर, ती रुततातच. उतरवण्यासाठी रॅम्प असलेली गाडी आणि ग्रीनपर्यंतची कोरडी वाट यांची सोय क्लबला करावी लागते, आणि कंत्राटदार ही गोष्ट आदल्या दिवशी सांगतो.

आता थोडे गणित मांडतो, कारण या सेवेचा खरा हिशेब त्यातच आहे आणि सभेत तो फळ्यावर मांडल्यावरच आमचे खजिनदार शांत झाले. छिद्रे दोन्ही दिशांना ५० मिलिमीटर अंतरावर पाडली तर एका चौरस मीटरमध्ये ४०० छिद्रे होतात. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनवर दोन लाख. पूर्वी आमचे माळी चार दातांच्या पोकळ फाळाने पाय देऊन हे काम करत. त्या हिशेबाने एका ग्रीनला पन्नास हजार वेळा पाय द्यावा लागतो, म्हणून ते काम दर वर्षी ग्रीनच्या कडेपासून सुरू होऊन मधोमध पोहोचण्यापूर्वीच थांबत असे. यंत्राला तेच काम पाऊण तासात उरकते. प्रत्येक छिद्राचा व्यास १२.५ मिलिमीटर असेल तर सर्व छिद्रे मिळून ग्रीनच्या पृष्ठभागाचा ४.९ टक्के भाग व्यापतात. हाच व्यास १६ मिलिमीटर केला तर हा भाग ८ टक्के होतो. वर्षभरात १५ ते २० टक्के पृष्ठभाग अशा रीतीने बदलला जावा असे अमेरिकेतील ग्रीन-तज्ज्ञ सुचवत आले आहेत. आपण वर्षातून एकदा १२.५ मिलिमीटरची छिद्रे पाडून 'एरेशन झाले' म्हणतो तेव्हा शिफारशीच्या एक तृतीयांशही काम झालेले नसते, हे त्या आकड्यांवरून दिसते.

त्याच गणिताचा दुसरा भाग वाळूचा आहे. १२.५ मिलिमीटर व्यास आणि ७५ मिलिमीटर खोली धरली तर एका चौरस मीटरमधील छिद्रांत सुमारे ३.७ लिटर वाळू मावते. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनला १.८ घनमीटर, म्हणजे वजनाने पावणेतीन ते तीन टन. वरून दीड मिलिमीटरचा हात फिरवायचा असेल तर आणखी सव्वा टन धरावा. नऊ ग्रीन्सना मिळून ३६ टनांच्या आसपास वाळू लागते, आणि १६ मिलिमीटरचे दात लावले तर केवळ छिद्रांची वाळूच दीडपटीहून अधिक वाढते. कंत्राटदाराच्या दरपत्रकात मात्र दर छिद्रे पाडण्याचा होता. कांड्या उचलणे, वाळू पुरवणे आणि ती भरणे या तीन कामांसाठी तळाशी एकच ओळ होती: 'क्लबच्या सोयीने'. आम्ही ती वाचली, पण तिचा अर्थ आम्हाला ऑक्टोबरमध्ये कळला.

पहिली खेप ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. यंत्र चांगले, चालक अनुभवी, तरी तिसऱ्या ग्रीनवर गवताचे तुकडे दातांबरोबर वर उचलले जाऊ लागले. गोधडीचा शिवण उसवलेला तुकडा वर यावा तसे. याची कारणे दोन होती. एक तर आमच्या गवताची मुळे इतकी उथळ होती की थॅच मातीला धरूनच नव्हता. दुसरे म्हणजे दात झिजलेले होते. पोकळ दाताची कड बोथट झाली की तो कापण्याऐवजी ढकलतो, कांडी आत अडकते आणि वर येताना शेजारचे गवत ओढून नेतो. मुरमाच्या खड्यांवर दात फार लवकर झिजतात, ही गोष्ट आमच्या जमिनीची आहे. पण नऊ ग्रीन्सच्या कामावर दातांचा एकच संच घेऊन येणे हा कंत्राटदाराचा हिशेबीपणा होता. गवत दाबून धरणाऱ्या पट्ट्या यंत्राला लावता येतात. त्या गाडीतच होत्या, आणि माळ्यांनी आरडाओरडा केल्यावर लावल्या गेल्या. त्यानंतर उचकटणे बरेच कमी झाले. तिसऱ्या ग्रीनचा कोपरा मात्र नव्याने गवताच्या चकत्या लावून भरावा लागला.

खरे नुकसान वाळूने केले. आम्ही जवळच्या एका पुरवठादाराकडून 'धुतलेली कृत्रिम वाळू' मागवली होती. आली ती ओलसर होती, आणि बोटांत चोळल्यावर हात करडा होत होता. काळ्या दगडाच्या चुऱ्यात जी भुकटी असते ती बांधकामात खपते. ग्रीनवर तीच भुकटी छिद्राच्या तळाशी बसून सिमेंटसारखी घट्ट होते. त्यात परतीचा पाऊस दोन संध्याकाळी आला. ओली वाळू छिद्रात पडत नाही. ती तोंडाशीच कमान करून बसते, वरून ग्रीन भरल्यासारखे दिसते आणि खाली पोकळी राहते. पंधरा दिवसांनी आम्ही चाकूने छेद घेतले तेव्हा बहुतेक छिद्रे वरची पाऊण इंच भरलेली आणि खाली मिटलेली आढळली. कांड्या निघाल्या, मजुरी गेली, तीन आठवडे ग्रीन्स बंद राहिली, आणि थरांच्या उतरंडीत आम्ही आमच्या हाताने आणखी एक थर घातला. पुढे थंडी पडल्यावर हराळीची वाढ मंदावते, त्यामुळे डिसेंबरपर्यंत छिद्रांच्या खुणा तशाच दिसत राहिल्या आणि ग्रीनवरच्या प्रत्येक फटक्यानंतर सभासद त्या मला बोटाने दाखवत राहिले.

त्यानंतरची मे महिन्याची खेप हे या सेवेचे खरे रूप होते, असे मी म्हणेन. मे महिन्यात एरेशन करावे असा आग्रह आमच्या मुख्य माळ्यांचा होता. "साहेब, पावसाआधी भोकं भरली तर पाऊस आपल्या कामाचा, नंतर भरायला गेलात तर आपण पावसाच्या कामाचे," असे त्यांचे म्हणणे होते. शास्त्रही त्यांच्याच बाजूचे आहे. हराळी उष्ण हवामानातील गवत असून पाणी मिळाले तर एप्रिल-मेमध्ये जोमाने वाढते, त्यामुळे छिद्रे दोन-तीन आठवड्यांत झाकली जातात. दुसरे म्हणजे मे महिन्यात वाळू कोरडी ठेवण्यासाठी काहीही करावे लागत नाही. आम्ही ती आठ दिवस आधी ताडपत्रीवर पसरून ठेवली आणि रोज फावड्याने उलटली. छिद्रांत ती पाण्यासारखी ओघळली. अडचण पाण्याची असते. ज्या क्लबला मे महिन्यात टँकर मागवावे लागतात त्याने हा मुहूर्त धरू नये, कारण छिद्रे पाडलेले ग्रीन सर्व बाजूंनी वाळते आणि एक दुपार चुकली तरी कडा पिवळ्या पडतात. आमच्या तळ्यात त्या वर्षी पाणी होते.

वाळूबाबत आम्ही यावेळी सिंधुदुर्गातील कासार्डे परिसरातली सिलिका वाळू घेतली. ती महाग पडते, आणि तिच्या किमतीपेक्षा घाट चढून येण्याचे भाडे अधिक बोचते. पण कणांचा आकार हवा तसा मिळतो. ग्रीनसाठीच्या वाळूत किमान ६० टक्के कण पाव ते एक मिलिमीटरच्या दरम्यान असावेत असा दंडक आहे. आम्ही घरगुती पद्धतीने, दोन चाळण्या आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरून, प्रत्येक डंपरमधील नमुना तपासला. काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी हलवून ठेवले तर भुकटी किती आहे ते अर्ध्या तासात वर बसलेल्या थरावरून दिसते. ही परीक्षा कोणताही क्लब करू शकतो आणि तिला खर्च नाही. कंत्राटदार वाळूही पुरवतो, असे त्याने दुसऱ्या खेपेला सांगितले. त्याने आणलेला नमुना या बरणीत टिकला नाही, आणि हे त्याने वाद न घालता मान्य केले, ही त्याच्या बाजूने नोंदवण्याची गोष्ट आहे.

कामाचा क्रम दुसऱ्या खेपेपासून असा बसला. सकाळी दव उतरल्यावर यंत्र ग्रीनवर चढते. त्याच्या मागोमाग शेजारच्या वाडीतील दहा-बारा बायका रुंद फळ्यांनी कांड्या ढकलून ढीग करतात आणि घमेल्यांनी ढकलगाडीत भरतात. कांड्या ताज्या असतानाच उचलाव्या लागतात, कारण उन्हात त्या तासाभरात भुसभुशीत होतात आणि मग खराट्याने झाडताना अर्धी माती पुन्हा छिद्रांत जाते. आमच्या कांड्यांत थॅच आणि जुनी माती दोन्ही असल्याने आम्ही त्या ग्रीनवर परत वापरल्या नाहीत. त्या खताच्या खड्ड्यात गेल्या. त्यानंतर वाळू पसरून काथ्याची चटई ओढली जाते. लोखंडी जाळीपेक्षा काथ्या पात्यांना कमी खरचटतो आणि तो आपल्याकडे कोठेही मिळतो. एकदा ओढून भागत नाही. दुपारी वाळू तापून सुटी झाली की पुन्हा ओढावी, आणि दुसऱ्या दिवशी पाणी दिल्यानंतर जी छिद्रे खचतील त्यांवर तिसऱ्यांदा हात फिरवावा. शेवटी हलका रोलर आणि भरपूर पाणी. कापणीची उंची आठवडाभर एक मिलिमीटरने वाढवली आणि नत्राची हलकी मात्रा कामाच्या आधीच दिली होती.

येथे एक सूचना करतो, जी दरपत्रकात कोणी लिहीत नाही. पहिल्या तीन-चार कापण्या जुन्या मोवरने, म्हणजे गवत कापण्याच्या यंत्राने, कराव्यात. वरची वाळू रीलमध्ये, म्हणजे फिरत्या पात्यांत, गेली की चांगल्या यंत्राची धार एका सकाळी जाते, आणि बेडनाइफ (खालचे स्थिर पाते) बदलण्याचा खर्च एरेशनच्या बिलात कोठेही दिसत नाही. आमचा एक मोवर पहिल्या खेपेलाच बळी गेला.

सभासदांचे काय, हा प्रश्न प्रत्येक समितीला पडतो. आम्ही पाच आणि चार अशा दोन हप्त्यांत ग्रीन्स घेतली आणि बंद ग्रीनसमोर फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या गवताच्या पट्ट्यावर, तात्पुरते ग्रीन कापून दिले. छिद्रांच्या ग्रीनवर खेळताना चेंडू उड्या मारतो, हे खरे आहे. नियमांच्या बाजूने पाहिले तर २०१९ पासून ग्रीनवरील बहुतेक नुकसान खेळाडूला दुरुस्त करता येते; परंतु एरेशनची छिद्रे त्यात येत नाहीत, कारण ती देखभालीचा भाग मानली जातात. चेंडू छिद्रात बसला तर सवलत देणारा नमुना स्थानिक नियम उपलब्ध आहे आणि समितीने तो फलकावर लावल्यास लागू होतो. तो लावायला आम्ही पहिल्या वेळी विसरलो, त्यामुळे एका मासिक स्पर्धेत जी वादावादी झाली तिचे दायित्व कंत्राटदारावर टाकता येत नाही.

परिणाम मोजण्यासाठी आम्ही दोन गोष्टी पाहिल्या. दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा ग्रीनमध्ये बोटभर रोवून त्यात ठरावीक पाणी ओतायचे आणि ते मुरायला लागणारा वेळ लिहायचा, ही पहिली. चौथ्या ग्रीनवर जे पाणी पूर्वी अर्धा तास तसेच उभे राहत असे ते दुसऱ्या खेपेनंतर पाच-सहा मिनिटांत मुरले. दुसरी परीक्षा होलच्या कटरने निघणाऱ्या गड्ड्याची. तो रोज निघतो, फुकट निघतो, आणि आमच्या माळ्यांना आता तो मोबाइलवर छायाचित्र काढून पाठवण्याची सवय लागली आहे. पहिल्या मेनंतरच्या ऑगस्टमध्ये त्या गड्ड्यात वाळूचे उभे पिवळसर खांब दिसत होते आणि प्रत्येक खांबातून पांढऱ्या मुळांचा झुपका काळ्या पट्ट्याच्या खालपर्यंत उतरलेला होता. खांबांच्या मधली माती अजून तशीच आहे, पट्टा अजून आहे. फक्त वास गेला आहे. जुलैच्या झडीत दोन ग्रीन्सवर शेवाळ येते, तेही अजून येते, मात्र ती दोन्ही ग्रीन्स झाडांच्या सावलीत आहेत आणि त्यांचे दुखणे वेगळे आहे.

कंत्राटदार आता आम्हाला वार्षिक करार घ्या म्हणतो. त्यात मे आणि ऑक्टोबरमध्ये पोकळ दातांचे काम आणि दर महिन्याला ६ मिलिमीटरच्या भरीव दातांची फेरी आहे. भरीव दात काहीही बाहेर काढत नाहीत; ५० मिलिमीटर अंतरावर ते जेमतेम १.१ टक्के पृष्ठभागाला स्पर्श करतात. त्यांचा फायदा हवा आणि पाणी आत जाण्यापुरता आहे, खेळात व्यत्यय जवळजवळ येत नाही, आणि पावसाच्या उघडीपीत केलेली अशी एक फेरी ग्रीनला खरोखर मोकळे करते. जून ते सप्टेंबरमध्ये उघडीप पाहून दोन फेऱ्या घ्याव्यात, बाराही महिने घेण्याचे कारण मला दिसत नाही. आमच्याकडे जानेवारीत त्यातून काय साधते हे कंत्राटदारालाही सांगता आले नाही. त्याने डच बनावटीच्या व्हर्टिड्रेनचाही प्रस्ताव दिला होता. त्याचे लांब दात खोल जाऊन तळाशी जमीन हलवतात आणि घट्ट तळाच्या ग्रीनसाठी ते उत्तम साधन आहे. पण आमच्या ग्रीन्सखाली मुरूम किती खोलीवर लागेल याचा नकाशा कोणाकडेच नसल्याने आम्ही ते टाळले.

सेवेला गुण द्यायचे तर यंत्र आणि चालक यांना मी पैकीच्या पैकी देईन. तीन खेपांत चालकाने एकही स्प्रिंकलर फोडला नाही, आदल्या दिवशी झेंड्या लावून प्रत्येक डोके स्वतः शोधले, आणि ग्रीनची कड घेताना यंत्र कधी कॉलरवर (ग्रीनभोवतीच्या जरा उंच गवताच्या पट्टीवर) फिरवले नाही. वेळेच्या बाबतीत सेवा मध्यम आहे; दुसऱ्या खेपेला दोन दिवस उशीर झाला आणि मजूर बसून राहिले. दातांच्या बाबतीत ती सुधारली. आता प्रत्येक तीन ग्रीन्सनंतर नवा संच लावायचा असे लेखी ठरले असून त्याचे वेगळे पैसे आम्ही देतो, आणि ते देणे स्वस्त पडते. वाळूच्या बाबतीत सेवेवर विसंबू नये.

दराच्या रचनेवर मात्र आम्ही अडून बसलो, आणि इतर क्लबांनीही बसावे. यंदाच्या मेपासून बिलाचे दोन भाग केले आहेत. छिद्रे पाडून झाल्यावर ६० टक्के रक्कम मिळते. उरलेली ४० टक्के रक्कम दहा दिवसांनी, प्रत्येक ग्रीनवर समितीने निवडलेल्या पाच जागी चाकूने छेद घेऊन छिद्र तळापर्यंत वाळूने भरलेले आढळले तरच. त्या बदल्यात चटई ओढण्याचे तिन्ही हात कंत्राटदाराच्या माणसांच्या देखरेखीखाली होतात. तो आधी नाराज झाला. 'भोक माझे, वाळू तुमची, मग हमी माझी कशी' हा त्याचा प्रश्न चुकीचाही नव्हता. तेव्हा वाळू कोरडी आणि चाळलेली देण्याची जबाबदारी आम्ही लेखी घेतली. यंदाच्या ४५ छेदांपैकी चार छिद्रे अर्धवट निघाली. चारही सहाव्या ग्रीनच्या उतारावर होती, जेथे चटई वरून खाली एकाच दिशेने ओढली गेली होती. त्या ग्रीनवर त्याने स्वतःहून आणखी एक हात मारून दिला.

ऑक्टोबरची खेप आम्ही पुन्हा घ्यायचे ठरवले आहे, परंतु या वेळी पहिल्या आठवड्याऐवजी परतीचा पाऊस सरल्यावर, आणि फक्त दुसऱ्या, चौथ्या व सातव्या ग्रीनवर. तेरा टन वाळू मे महिन्यातच जास्तीची घेऊन पोत्यांत भरून, जुन्या कॅडी शेडमध्ये लाकडी फळ्यांवर रचून ठेवली आहे. काल एक पोते उघडून पाहिले. कोरडी आहे.